एकाच विद्यार्थिनीचा वर्ग

"एका बाईसाठी खोली, पंखा आणि एक शिपाईबाई मी अडकवून ठेवू शकत नाही, मॅडम," तुरुंगाच्या अधीक्षकबाई म्हणाल्या. "आजचा वर्ग शेवटचा धरा."

मॅडम उभ्याच होत्या, खांद्यावर प्रोजेक्टरची जड पिशवी घेऊन. दर गुरुवारी दोन बस बदलून त्या या महिला तुरुंगात यायच्या आणि युरोपच्या प्रबोधनकाळातलं नाटक, साहित्य, चित्रकला असं सगळं शिकवायच्या. व्हिडिओ त्यांनी स्वतः घरी बनवलेले असायचे. सुरुवातीला खोली भरून जायची. मग शेजारी शिवणकाम सुरू झालं, पाठोपाठ ब्युटी पार्लरचा कोर्स आला, आणि बायका एकेक करून तिकडे सरकल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. नाटकाच्या इतिहासावर बाहेर कुणाची चूल पेटत नाही.

कॉलेजनेही हा विषय बंद केला होता. तेव्हाच मॅडम निवृत्त झाल्या. शिकवायला आता एवढी एकच खोली उरली होती.

"अर्धा तास द्या. मी बायका गोळा करून आणते."

"पगार तुम्ही घेत नाही. जिना चढताना गुडघे किती दुखतात ते मला दिसतं. कशाला एवढं जिवाला लावून घेता?"

"अर्धाच तास," मॅडम म्हणाल्या. आवाज फाटला, तो त्यांनी खोकल्यात घालवला.

अधीक्षकबाईंना नवल वाटलं. या टेबलासमोर गयावया करणारी माणसं रोजचीच होती. पण वर्ग घेऊ द्या म्हणून कुणी कधी गयावया केली नव्हती.

मॅडम आधी शिवणाच्या खोलीत गेल्या. तिथे कुणी मशीनवरून मान वर केली नाही. मग स्वयंपाकघरात गेल्या.

"नाटकात शेवटी लग्न होतं का?" पीठ मळणाऱ्या बाईने विचारलं.

"होतं की. पण त्याआधी चौघं मरतात."

"मग ते आमच्याच घरचं झालं. वेगळं काय बघायचं?"

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. मग हसू पुसून त्यांनी एकेकीला पुन्हा विचारलं, नुसतं येऊन बसा म्हणाल्या, झोप आली तर झोपा म्हणाल्या. शेवटी पीठ मळणारीलाच अवघडल्यासारखं झालं. "जा मॅडम, उशीर होईल तुम्हाला," ती खाली बघत म्हणाली.

वर्गाच्या दारापर्यंत अधीक्षकबाई सोबत आल्या.

"वर्गात एकट्या उरलेल्या त्या पोरीची दया येते तुम्हाला, कळतं मला. नवरा मारायचा तिला. दोनदा माहेरी पळून आली, दोन्ही वेळा आईने समजूत घालून परत धाडली. तिसऱ्यांदा ती माहेरी गेलीच नाही. त्याला जिन्यावरून ढकललं. बाप सुरुवातीला भेटीला यायचा, वाकड्या अंगठ्यात पेन धरून रजिस्टरात सही करायचा, पण हिने तोंड दाखवलं नाही. आईचं तर नावही काढत नाही. अशी आई असते का हो?"

मॅडमनी पिशवीचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"असते," त्या म्हणाल्या.

ती शेवटच्या बाकावर बसली होती, नेहमीसारखी दाराजवळ. अगदी पहिल्या गुरुवारी मॅडम आत आल्या तेव्हा ती उठून दारापर्यंत गेली होती, आणि काय वाटलं कोण जाणे, परत येऊन बसली होती. त्यानंतर एकही वर्ग तिने चुकवला नाही. मॅडमच्या चेहऱ्याकडे मात्र ती कधी बघायची नाही.

मॅडमनी खिडक्या लावल्या. भिंतीवर पुठ्ठ्याचं एक शहर उजळलं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी इटलीत रंगमंचावर लांबलचक रस्ता कसा भासवत, याचा तो धडा होता. मागची घरं लहान लहान होत गेलेली, आणि रंगीत पाण्याच्या बाटल्यांमागे दिवे. घरच्या जेवणाच्या टेबलावरच सगळं मांडलं होतं. एक म्हातारा हात दिवा हळूहळू पुढे सरकवत होता. अंगठा वाकडा होता. मुलगी बाकावरून पुढे झुकली.

मॅडम भिंतीकडे बघत नव्हत्या. व्हिडिओ चालू असताना त्या नेहमीच तिकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

"या काळातल्या सुखान्त नाटकांत," मॅडमचा रेकॉर्ड केलेला आवाज सांगत होता, "ताटातूट झालेली माणसं शेवटी एकमेकांना ओळखतात. तिथे नाटक संपतं."

व्हिडिओ थांबला. अंधारातच मुलीने विचारलं, "आणि ओळखूनसुद्धा बोललीच नाहीत तर?"

"तर नाटक संपत नाही."

"मग बरंच की. चालू राहू दे."

"नाही चालणार," मॅडम म्हणाल्या. "हा वर्ग आज बंद होतोय. पुढच्या गुरुवारी मला आत सोडणार नाहीत."

मॅडमनी खिडकी उघडली तेव्हा मुलगी उभी होती, बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून. मग ती वळली आणि शिपाईबाईच्या पुढे झपाझप निघून गेली.

मॅडम वायर गुंडाळायला लागल्या. त्या खुर्चीवर बसल्या, पुन्हा उठल्या, बाकं सरळ केली. आधीही ती सरळच होती. जायला निघण्याचं काही त्यांना जमेना.

तेवढ्यात अधीक्षकबाई लगबगीने आत आल्या. त्यांना धाप लागली होती.

"तुमचं शिकवणं वाया गेलं नाही हं, मॅडम. ती पोरगी आत्ता ऑफिसात येऊन गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने भेट मागितली. आईची. आणि लगेच हवी म्हणते. आता त्या बाईला मी शोधू कुठे? आमच्याकडचा पत्ता जुना, तिथे कुणी राहत नाही. जिवंत तरी आहे की नाही, देव जाणे."

मॅडमनी वायर टेबलावर ठेवली. चष्मा काढून डोळे पुसले, तो पुन्हा घातला.

"शोधू नका," त्या म्हणाल्या. "भेटीची खोली कुठे आहे तेवढं दाखवा."