वरीलप्रमाणे

खांदा आखडलेलाच राहिला, तर सूर्यकांत टिपणीस यांना तीन गोष्टी मिळणार होत्या: लक्ष्मीबाई नगरातल्या मराठी मंडळाची खोली, तिथे निघणाऱ्या ज्येष्ठांच्या वाचनालयाचं अध्यक्षपद, आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी. खांदा सुटला, तर नुसता खांदा सुटणार होता. अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला यातलं जड पारडं कोणतं, हे सांगावं लागत नाही.

पैज त्यांनीच लावली होती. नोव्हेंबरच्या बैठकीत, सगळ्यांदेखत.

"जपानी मालिश म्हणे! श्वासाचे व्यायाम म्हणे! अहो, दिल्लीची ही हवा, आणि ही बाई सांगते दीर्घ श्वास घ्या. घेतला की थेट हॉस्पिटलच."

"म्हणून तर खोली लागते, साहेब," मागून शेवंताबाई म्हणाल्या. "बागेत धूर आहे."

शेवंताबाई कॅन्टोन्मेंटमधून यायच्या. यजमान संपतराव फौजेत हवालदार होते, आता घरी. वसंत विहारात एका जपानी बाईंकडे त्यांनी अकरा वर्षं स्वयंपाक केला आणि त्या बाईंकडूनच ही विद्या उचलली. अंगठ्याने कुठे दाबायचं, किती दाबायचं, हात कसे पाण्यातून नेल्यासारखे सावकाश फिरवायचे. रोज सकाळी सातला मंडळाच्या खोलीत वीस-बावीस बायका आणि चार पुरुष त्यांच्यासमोर उभे राहायचे. खोली गेली, की शेवंताबाईंना पुन्हा कुणाच्या तरी गॅससमोर उभं राहावं लागणार होतं.

"नव्वद दिवस," सूर्यकांत म्हणाले. "माझा उजवा हात छातीच्या वर जात नाही. नव्वद दिवसांनीही गेला नाही, तर खोली रिकामी करायची."

"आणि गेला तर?"

"जाणार नाही."

"बरं करते असं मी कुणालाच सांगत नाही, साहेब. पण रोज यायचं. दांडी मारली तर पैज गेली."

दांडी! चाळीस वर्षांत कॅज्युअल लीव्हसुद्धा पूर्ण न वापरलेला माणूस. सूर्यकांत रोज सातला पाच कमी असताना हजर. व्यायामात चोरी नाही. सांगितलं तेवढं आणि सांगितलं तसं. मग शेवंताबाई त्यांना स्टुलावर बसवून खांद्याच्या फऱ्यावर अंगठा रोवायच्या.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

"मग डोळे का मिटले?"

"विचार करतोय."

"करा, करा. विचार करताना घाम लई येतो तुम्हाला."

घरी आल्यावर नोंद. पहिल्या दिवशी त्यांनी दाराच्या चौकटीवर बोटं चढवली, अडली तिथे पेन्सिलीने रेघ मारली, टेप लावून मोजलं आणि वहीत लिहिलं: उजवा हात, जमिनीपासून चार फूट दोन इंच. दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशी तेवढंच. चौथ्या दिवसापासून रकान्यात एकच शब्द यायला लागला. वरीलप्रमाणे. खाली सही आणि तारीख.

डिसेंबरभर पत्नी विजयालक्ष्मी त्यांना स्वेटर चढवत होत्या. आधी उजवी बाही, मग डोकं, लहान मुलाला चढवतात तसा. जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी त्या स्वेटर शोधत बाहेर आल्या, तर हे स्वेटर घालून, कानटोपी ओढून बसलेले.

"आज माझी गरज नाही वाटतं?"

"चहा लवकर टाक, विजू. उशीर होतोय."

त्या क्षणभर बघत राहिल्या आणि आत गेल्या. सूर्यकांतांनी क्लासहून आल्यावर वही काढली. वरीलप्रमाणे.

फेब्रुवारीत बैठक भरली. वही हातोहात फिरली. नव्वद नोंदी, नव्वद सह्या, एकही खाडाखोड नाही.

"मानलं, सर," मंडळाचा सचिव हेरंब म्हणाला. "बिल्कुल ऑडिटला पाठवण्यासारखं."

शेवंताबाईंनी वही चाळली. "आत्ता इथे एकदा दाखवा की हात वर करून."

"लेखी पुरावा समोर असताना तमाशा कशाला? किल्ली द्या."

शेवंताबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि मुठीत आवळली.

"वहीकडे बघून किल्ली देणार नाही. ठराव करा."

"करणारच! प्रोसीजर म्हणून काही असतं. ठराव वहीत शेवटी लिहिलाय, चिठ्ठ्याही आणल्यात मी."

"चिठ्ठी नको. इथल्या निम्म्या लोकांची पाठ या अंगठ्याला ठाऊक आहे. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून हात वर करावा आणि म्हणावं, शेवंता, नीघ. मी निघते."

खोलीत खुर्च्या करकरल्या. वही लोकांना पटली होती; पैज ती पैज.

शेवंताबाई पुढे आल्या. उघडी वही त्यांनी सूर्यकांतांच्या डाव्या हातात ठेवली. "वाचा, साहेब. तुमचाच ठराव."

सूर्यकांतांनी घसा साफ केला. "नव्वद दिवसांच्या उपचारांनंतरही प्रकृतीत कोणताही फरक न आढळल्याने, सदर खोली तात्काळ रिकामी करण्यात यावी. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत." आणि कुणी कचरू नये म्हणून पहिला हात त्यांनीच वर केला.

पाठोपाठ सतरा-अठरा हात वर झाले. नवऱ्याचा ठराव म्हणून विजयालक्ष्मींचाही झाला. मग त्यांनी सूर्यकांतांकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि हात खाली घेतला. शेजारणीने घेतला. मग रांगच्या रांग.

"अहो, काय चाललंय? मोजेपर्यंत धरून ठेवा!" सूर्यकांत ओरडले आणि उदाहरण घालून देण्यासाठी आणखी ताठ झाले.

हेरंबने उभं राहून नीट मोजलं आणि इतिवृत्तात लिहिलं: ठरावाच्या बाजूने हात एक. उजवा. कोपर सरळ, दंड कानाला टेकलेला.