पेनिसिलिन कुणाला चालत नाही

"आता श्वास कसा वाटतोय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नेहमीसारखा," थोरली म्हणाली. "धाप लागलीय ती भीतीनंच."

नर्सनं तिच्या हातावरच्या टोचणीच्या जागा पुन्हा निरखल्या. गांधी नाहीत, लाली नाही. आधी कणभर, मग थोडं जास्त आणि शेवटी पुरा डोस पोटात जाऊन बराच वेळ झाला होता. वेळ आलीच तर म्हणून भरून ठेवलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच पडून होतं.

थोरलीच्या हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला होता. त्यावर सगळ्यात गुणकारी औषध पेनिसिलिन, आणि नेमकं तेच तिला वर्ज्य. चार वर्षांची असताना त्याच्या एका इंजेक्शननं तिचं तोंड सुजून भोपळा झालं होतं, ओठ निळे पडले होते. मरता मरता वाचली. तेव्हापासून घरात त्या औषधाचं नाव निघालं तरी आई कानांवर हात ठेवी. पण दुसऱ्या औषधांना ताप दाद देईना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकदा तपासून तरी पाहू. इथं सगळी तयारी आहे."

आता त्या हसून म्हणाल्या, "तुम्हाला हे औषध चालतं. आजच सुरू करू."

हसावं की रडावं, थोरलीला कळेना. "म्हणजे एवढी वर्षं मी उगाचच घाबरले?"

"उगाच नाही. वर्षं गेली की पुष्कळांची अशी अ‍ॅलर्जी ओसरते. काहींना तर ती मुळात नसतेच."

कोपऱ्यात बसलेली आई पांढरीफटक पडली.

"डॉक्टर, त्या दिवशी ताप दोघींनाही होता. इंजेक्शनही दोघींना दिलं होतं."

"दोघी कोण?"

"ही आणि धाकटी. जुळ्या आहेत, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. मी कामावर होते. धावत आले तर सूज उतरलेली, दोघी शेजारी शेजारी गाढ झोपलेल्या. हे म्हणाले, थोरलीला झालं." आई उठून पुढे आली. "पण यांना कुठे आपल्या पोरी ओळखू यायच्या? जन्मभर उलट्याच नावानं हाका मारल्या!"

डॉक्टरीणबाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. "धाकटी आता कुठे आहे?"

"दातांच्या डॉक्टरकडे," थोरली म्हणाली आणि ताडकन उठून बसली. "तिची दाढ सुजलीय."

फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पलीकडून बोबडा आवाज आला.

"काय गं? झाली तुझी तपासणी?"

"माझं राहू दे. तू काही औषध घेतलंस?"

"आत्ताच घेतली की गोळी."

"कसली गोळी? नाव सांग!"

"नाव कुणाला ठाऊक? पेनिसिलिन नाही, एवढं नक्की."

"कशावरून?"

धाकटी सुजल्या गालानं कशीबशी हसली.

"ओरडू नकोस हं. तुला जे नको, ते मला तरी कशाला? शाळेत होतो तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरला मी एकच थाप मारत आलेय, मलाही पेनिसिलिन चालत नाही."