सरांचा सिद्धांत

इतिहासाचे प्राध्यापक भास्कर सर यांनी उभा जन्म अण्वस्त्रं आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांच्या अभ्यासात घालवला. जव्हारला झालेल्या सत्कारात ते तासभर तेच बोलले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोने, वनमालाबाईंनी, तासभर जांभया गिळल्या. शत्रूच्याही विहिरीत विष टाकू नये, हा युद्धाचा जुना नियम. अण्वस्त्र म्हणजे अख्ख्या जगाच्या विहिरीतलं विष, हे सरांचं पालुपद बाईंना तोंडपाठ होतं.

"आणि टाकणं तर सोडाच," सर टेबलावर मूठ आपटून गरजले, "टाकू म्हणून नुसता धाक घालणं हासुद्धा गुन्हाच!" टाळ्यांनी हॉल दणाणला.

शाल-श्रीफळ घेऊन दोघं सूर्यमाळच्या फार्महाऊसवर परतली, तर फाटकाशी पाड्यावरची नवशी रिकामा हंडा घेऊन उभी. पाड्याची विहीर कधीच आटली होती.

"बाय, तुमच्या विहिरीवर आज पाटी लागलीय. पान्यात खरंच विष टाकलंय काय?"

वनमालाबाईंनी भिंतीवरच्या पालीकडे पाहावं तसं नवऱ्याकडे पाहिलं.



"टाकलंय कुठे?" खांद्यावरची शाल सावरत सर त्यांच्या कानाशी पुटपुटले. "नुसता धाक आहे."