बोटाचं माप

"हात हालवू नको," सोजरबाई म्हणाली आणि लेकीच्या बोटाभोवती तिसऱ्यांदा दोरा गुंडाळला.

करंगळीशेजारच्या बोटाच्या बुडाशी दोरा आवळून तिनं पेनानं खूण केली, तो सोडवला आणि पट्टीवर ताणून धरला. चोपन्न मिलिमीटर.

"सकाळी एकावन होतं. मघा त्रेपन," दारात उभे असलेले विशाखाचे वडील, बापूजी, म्हणाले. "एकाच पोरीचं एकच बोट, अन् तीन मापं कशी येऊन राह्यली?"

"दोरा ताणते. अन् या गर्मीत बोट बी फुगते."

बापूजी गुडीहत्नूरच्या शाळेत गणित शिकवायचे. चुकलेलं माप त्यांना सोसत नसे. त्यात रविवारी विशाखाचं साक्षगंध. अंगठी मुलाकडची. मुलाचे वडील, जैनथचे नागोराव, आदिलाबादला सोनाराच्या दुकानात बसून होते. पाच वाजेपर्यंत फोनवर माप कळवा, नाहीतर रविवारपर्यंत अंगठी होत नाही, असा त्यांचा निरोप होता. फोनचा बूथ हायवेवर. साडेचार कधीच वाजून गेले होते.

बापूजी चपला घालूनच आत आले. वहीच्या पानाची बारीक पट्टी फाडून विशाखासमोर उकिडवे बसले. "कागद ताणत नाई. आण इकडं बोट. सैल झाली तं भर विहारात गळून पडन. आवळ झाली तं सांध्यावर अडकन, अन् लोक पाह्यत राह्यतीन."

विशाखानं बोट पुढे केलं. तिचा पाय सारखा हलत होता. तळहात घामानं ओला झाला होता. दोन वेढ्यांतच कागद भिजला आणि फाटला. बापूजींनी दुसरी पट्टी फाडली. तीही फाटली.

"तेरा," विशाखा म्हणाली.

"काय तेरा?"

"तेरा नंबर सांगा. सोनाराले नंबरच लागते."

बापूजी मोकळं हसले. "अवं, मंग सकाळपासून काऊन बोलली नाईस? उगाच तुह्या आईचा दोरा खराब केला." पट्टीच्या तुकड्यावर तेरा लिहून त्यांनी तो खिशात घातला आणि सायकल काढायला बाहेर गेले.

सोजरबाई दोरा रिळाला गुंडाळत बसली. गुंडाळलेला पुन्हा सोडला. पुन्हा गुंडाळला.

"तुले नंबर कसा मालूम?"

विशाखा फाटलेल्या पट्ट्यांचे तुकडे गोळा करू लागली.

"तुह्या बोटात आपण कधी अंगठी घातलीच नाई. मंग नंबर कसा मालूम?"

"वरंगलले मोजला होता. बीएड करून राह्यली होती तवा. सोनाराकडं मापाच्या रिंगांचा झुबका असते. तेरा नंबरची बरोबर बसली."

"एकटीच गेल्ती?"

"नाई."

बाहेर सायकलचा स्टँड खडकन वाजला.

"कोण होतं संग?"

"आत्राम. माह्याच वर्गात होता. इंद्रवेल्लीकडचा."

आडनाव ऐकूनच सोजरबाईला कळलं. गोंडाचा मुलगा. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. नागोरावांची माणसं चांगली होती. मुलगा मंडळाच्या तहसील कचेरीत कारकून होता. विहारात सांगून झालं होतं, पाहुण्यांना बोलावणी गेली होती.

"मंग ते अंगठी कुठं हाय?"

"घेतलीच नाई. पैसे कुठं होते आमच्यापाशी? नुसती मोजून पाह्यली." विशाखा बोटाला चिकटलेला कागद काढत होती. "नोकरी लागली की घेऊ, म्हणे."

"लागली का मंग?"

"मागच्या महिन्यात. उटनूरच्या आश्रमशाळेत."

मागच्याच महिन्यात नागोराव बघायला आले होते. विशाखानं त्यांना चहा दिला होता. ती काही बोलली नव्हती, आणि लाजली असेल म्हणून सगळे हसले होते.

"तोंड नव्हतं का तुले?" सोजरबाईचा आवाज चढला. "साक्षगंध तीन दिवसांवर आलं अन् आता सांगतं?"

"मले इचारलं कोणी?" विशाखानं पहिल्यांदा मान वर केली. "तुमी बोट मागतलं. मी बोट देल्लं."

सोजरबाई रीळ तिथंच टाकून अनवाणी बाहेर धावली. अंगणातली फरशी भाजत होती. बापूजींची सायकल गल्लीच्या टोकाशी पोचली होती.

"अवो! थांबा! माप चुकलं!"

बापूजींनी एक पाय खाली टेकला. "आता कसं चुकलं? पोरीनंच सांगतलं ना!"

"मी सांगून राह्यले ना, चुकलं म्हून. घरात या."

"पाच वाजतात! सोनार थांबला हाय तिकडं!"

"थांबू द्या त्याले."

कुरकुरत बापूजींनी सायकल वळवली. त्यांच्याआधी सोजरबाई घरात शिरली, लेकीजवळ बसली आणि तिचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"त्या आत्रामच्या बोटाचा नंबर किती?" तिनं हळूच विचारलं.

विशाखानं आईकडे पाहिलं.

"एकवीस."

बापूजी खिशातलं पेन काढत, धापा टाकत आत आले. "हं, सांगा लवकर. बरोबर माप किती?"

"आधी बसा," सोजरबाई म्हणाली.