सायलेन्सरांचा कान

तार्सिमला आपल्या हातचा सायलेन्सर हजारात आवाजावरून ओळखू येतो, असं सगळं पुर्बलिंगा गाव म्हणत असे. सगळं पुर्बलिंगा म्हणजे मुख्यतः तार्सिम.

सध्या तो पोलीस ठाण्याच्या आवारात उकिडवा बसून एका सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून चाचपत होता. समोर गोंगाटापायी गाड्यांवरून जप्त केलेल्या तीनशे सायलेन्सरांचा ढीग होता. त्यातून त्याला एक कान जोडायचा होता. दोन पुरुष उंचीचा. शहरात शांतता राखा असं लोकांना सांगण्यासाठी तो चौकात उभा राहणार होता. अर्धा झाला होता आणि लांबून कोळंबीसारखा दिसत होता.

ढिगातले निम्मे तरी सायलेन्सर त्याच्याच हातचे होते. स्कूटरवरच्या पोरांना गाडी कमी आणि आरोळी जास्त हवी असते. ती तो तीस वर्षं पत्रा वळवून, डाग देऊन पुरवत आला होता. आता त्याच आरोळ्या सरकारी खर्चानं मुक्या करायच्या होत्या. गावात दोनशे कारागीर असताना हे काम आपल्याला मिळालं ते कसबामुळेच, याबद्दल त्याला शंका नव्हती.

बोटाला तीन टिंबं लागली.

प्रत्येक सायलेन्सरच्या तोंडात, आतल्या बाजूनं, तो खूण म्हणून एक टिंब ठोकत असे. तीन टिंबं आयुष्यात एकदाच ठोकली होती. लुत्फीच्या सायलेन्सरला.

लुत्फी त्याचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी जेवता जेवता म्हणाला, "बाबा, उद्या सगळ्या विजेच्या गाड्या येतील. त्यांना सायलेन्सरच नसतो." त्या घरात इतकं अभद्र कधी कोणी बोललं नव्हतं. "मग जा की जिथं आवाज नाही तिथं," तार्सिम म्हणाला. लुत्फी गेला. गेला मात्र बापानं बनवलेला सायलेन्सर लावून. नदीवरच्या पुलापर्यंत तो आवाज ऐकू येत होता. खोल, गोल, खर्जातला.

ईदला मुलं कुठून कुठून घरी येतात, आईबापाच्या गुडघ्यावर डोकं टेकून वर्षभराची माफी मागतात. दर ईदला तार्सिमची बायको केतुपत, म्हणजे झावळीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला सणाचा भात, सोलून झाकून ठेवत असे आणि तार्सिम गल्लीकडं कान लावून बसत असे. "पोरगं पुलावर आलं की मला कळेल," तो सांगायचा. "तोवर तू काही उठू नकोस."

सायलेन्सर इथं होता. म्हणजे पोरगं येऊन गेलं होतं. तार्सिम बसल्या जागेवरूनच ओरडला. "साहेब! ओ साहेब! हा कुठं पकडला?"

हवालदार मुग्योनो हातात मेंदोआनचं गरम भजं घेऊन, फुंकर मारत आला. "काय काका, ओळखीचा निघाला? अहो, निम्मी लेकरं तुमचीच आहेत इथं."

"हा कुठं पकडला ते सांगा."

सायलेन्सरला तारेनं बिल्ला बांधला होता. मुग्योनोनं तेलकट बोटांनी नोंदवही उलटली. "दोनशे बारा... ईदचा दुसरा दिवस. संध्याकाळ. मशिदीमागची गल्ली." तो थांबला. "म्हणजे तुमचीच गल्ली की, काका."

"कोण होतं?"

"लुत्फी नावाचा पोरगा. चांगला आठवतो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून नुसती गाडी रेस करत होता. आत जाईना, परत फिरेना. म्हटलं, हा काय तमाशा? तर म्हणतो, बाबांना आवाज कळतो, ते बाहेर येतील. मीही माणूसच आहे, सणाचा दिवस, म्हटलं थांबू थोडं. कोणी आलं नाही. तर म्हणाला, 'राग गेला नाही अजून. काढून घ्या.' गाडी ढकलत गेला बिचारा. पुलाकडं."

तार्सिमला ती संध्याकाळ आठवत होती. दोन वळणांपलीकडं कोणीतरी गाडी बोंबलवत होतं. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज. बायको म्हणाली होती, "बघून तरी या." तो म्हणाला होता, "काय बघायचंय? कुठल्या तरी अडाण्याचा हात आहे. आणि या कोलाहलात आपला आवाज कसा ऐकू येणार?" त्यावर त्यानं लगेच इलाजही केला होता.

त्यानं बोट आणखी आत घातलं. आतला काचेचा कापूस उडून गेला होता. नुसती काजळी होती. हा कापूस सहा महिन्यांनी बदला, नाहीतर आवाज फाटतो, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा बजावत असे. जो गिऱ्हाईक नव्हता, त्याला सांगायचं राहिलं होतं.

"साहेब," तार्सिम म्हणाला, "तक्रार कोणाची होती?" त्याला माहीत होतं. तरी विचारलं.

"चेष्टा करता काय, काका?" मुग्योनोनं वही त्याच्यासमोर धरली. "हे काय, तुमचं नाव, तुमचा नंबर. अख्ख्या ईदमध्ये त्या गल्लीतून एकच फोन आला. मोठे साहेब म्हणाले, सायलेन्सरवाला असून सायलेन्सरची तक्रार करतो, कानाचं काम यालाच द्या."