हजेरी

परदेशी गेलेल्या केयूरची सक्त ताकीद होती, की मुलुंडला एकट्या राहणाऱ्या बाबांनी रोज सकाळी ‘मी बरा आहे’ असा मेल पाठवायचा. नंदकिशोरराव कंटाळले. पोरानेच मागे फुशारकीने सांगितलेलं त्यांना आठवलं, “बाबा, कॉम्प्युटरला वेळ नेमून दिली ना, की प्रोग्राम आपला आपण चालतो. समोर माणूस लागतच नाही.” त्यांनी तसा प्रोग्राम लावून टाकला.

“आता सकाळी निवांत झोपतो,” ते शेजारच्या मृणालिनीताईंना म्हणाले. “पण पोरगा गुणाचा हो! मेल पोचतो न पोचतो तोच त्याचं उत्तर हजर. ‘छान बाबा, जपा.’”

पुढे मजल्यावर वास यायला लागला, तेव्हा मृणालिनीताईंनी दार फोडायला लावलं. नंदकिशोरराव बिछान्यात केव्हाचेच गेले होते. कॉम्प्युटर तेवढा चालू होता आणि त्या सकाळचं ‘मी बरा आहे’सुद्धा वेळेवर गेलेलं होतं. केयूरचा नंबर कुणाकडेच नव्हता, म्हणून ताईंनी तिथूनच मेल केला, ‘केयूर, तुझे बाबा गेले रे. ताबडतोब फोन कर. मृणालिनीमावशी.’



उत्तर लगेच आलं, ‘छान बाबा, जपा.’