शिवण बाहेर

"मग, किती जण हसले?" फोनच्या स्क्रीनवरून समुपदेशक बाईंनी विचारलं.

ती खाटेवर बसली होती, फोन उशीला टेकवून. दाराला आतून कडी. घरात सांगितलं होतं, कामाचं ट्रेनिंग आहे.

"कुणीच नाही."

"बघा!" बाईंचा चेहरा उजळला.

चारचौघांची धास्ती घालवायला त्यांनी या आठवड्याला गृहपाठ दिला होता. कुर्ता उलटा घालून दिवसभर कामावर राहायचं. काय होईल, याचा अंदाज मात्र आधीच सांगून ठेवायचा. तिनं सांगितलं होतं, अख्खा कारखाना हसेल.

भीती काही उगीच नव्हती. कारखाना तयार कपड्यांचा. तिथल्या बायका दोन टेबलं पलीकडून सुटलेला टाका हेरायच्या. एक धागा लोंबला तर गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवायच्या. त्यांच्यामधून ही शिवणी बाहेर काढून, मानेवर लेबल मिरवत संध्याकाळपर्यंत वावरली. सुपरवायझरनं तिच्या खांद्यावरून हात लांबवून कात्री उचलली. डबा खाताना शेजारणीनं मीठ हिच्याकडून घेतलं आणि गप्पा पलीकडचीशी मारल्या. सकाळी निघताना भावजय तर तोंडाकडे बघून म्हणाली होती, "वन्सं, येताना दूध आणा."

"म्हणजे लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं तितकं बघतच नाहीत," बाई म्हणाल्या. "सुटल्यासारखं वाटलं की नाही?"

"वाटलं ना."

कुणी हसलंच तर काय म्हणायचं, तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. 'अगं बाई, झोपेतच घातला वाटतं!' असं म्हणून आपणही हसायचं. आरशासमोर तालीम झाली होती. डबा झाल्यावर तर ती नळापाशी सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली होती. चांगली बराच वेळ. हात धुऊन कधीच झाले होते.

"वन्सं, संपलं का ट्रेनिंग?" दारामागून भावजयीचा आवाज आला. "वाढू, का झाकून ठेवू?"

"ठेव गं झाकून."

बाई हसून म्हणाल्या, "छान चाललंय तुमचं. आता पुढच्या आठवड्याला जरा अवघड देते हं. दुकानात जायचं, भरपूर वस्तू काढायला लावायच्या आणि काहीच न घेता—"

"मॅडम," तिनं आज पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मध्येच तोडलं. "कुणीतरी नक्की हसेल, असं काही आहे का हो तुमच्याकडे?"